जुनी थकबाकी आणि कोरं सिबिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी सकाळी तालुक्याच्या वाचनालयात आम्ही तिघं बसतो: बँकेतून निवृत्त झालेले दोघं आणि एक वकील ताई. माणसं पिशवीतून कर्जाचे कागद काढतात. काही नोटिशींची पाकिटं फोडलेलीही नसतात, दोन-दोन वर्षं तशीच देवघराच्या फळीवर ठेवलेली. त्या टेबलावर पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोर्टाचं समन्स हातात असेल तर मात्र हे वाचत बसू नका, तारीख पाहा आणि आधी वकील गाठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वकील मोफत मिळतो.

आठ-दहा वर्षांपूर्वीचं कर्ज आहे. किती राहिलंय, आता कोणाकडे आहे, काहीच आठवत नाही. सुरुवात कुठून करू?

पैशांपासून नको, रिपोर्टपासून करा. आपण सगळे 'सिबिल' म्हणतो, पण कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्यांचं काम चालतं. प्रत्येकीने वर्षातून एकदा तुमचा पूर्ण रिपोर्ट तुम्हाला फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. चारही काढा. एकीकडे न दिसणारं कर्ज दुसरीकडे सापडतं, विशेषतः मायक्रोफायनान्सचं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती इतक्या जणांच्या मनात असते की मुद्दाम लिहितोय.

रिपोर्ट हातात आला की सगळे आधी तो तीन आकडी स्कोअर बघतात. तो राहू द्या. खाली एकेका कर्जाचा रकाना असतो, तिथे जा. आमच्याकडे पिको-फॉलचं दुकान चालवणाऱ्या एक ताई आल्या होत्या. मशिनसाठी ६० हजार मागितले तर बँकेने नाही सांगितलं, कारण कोणी सांगेना. रिपोर्ट उघडला तर २०१८ चं मोबाईलच्या हप्त्यांचं कर्ज, शिल्लक १,२४० रुपये. खाली महिन्यागणिक छोट्या चौकटी. पहिल्या नऊ चौकटींत '०००', म्हणजे हप्ता वेळेवर. दहावीत '०३०', मग '०६१', मग '०९१', म्हणजे इतके दिवस उशीर. शेवटचा हप्ता वळता व्हायच्या दिवशी खात्यात दीडशे रुपये कमी होते. दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "झालं की ताई सगळं." झालं नव्हतं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं बुडीत धरलं जातं, मग रक्कम १,२४० असो की १२ लाख.

रिपोर्ट पाहताना वहीत प्रत्येक कर्जापुढे चार गोष्टी लिहून काढा: कोणाचं, शेवटचा भरणा कधी, शिल्लक किती आणि खात्याची स्थिती काय. बंद, सेटल्ड, राइट ऑफ की चालू. पुढची सगळी उत्तरं या चार रकान्यांवर उभी आहेत.

तीन वर्षं झाली की कर्ज माफ होतं, असं ऐकलंय. खरं का?

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यामुळेच माणसं फसतात.

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार साध्या विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण ३ वर्षांत लावावा लागतो. गहाणखत असेल तर १२ वर्षं. मुदत टळली तर कोर्टातून वसुली करायचा मार्ग बंद होतो, पण कर्ज संपत नाही. देणं देणंच राहतं, रिपोर्टमध्ये दिसत राहतं, आणि बँक फोन करून मागूही शकते.

आता महत्त्वाचं. मुदत संपायच्या आत तुम्ही सही करून 'मी इतकं देणं लागतो' असं लिहून दिलंत, तर ३ वर्षं त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात. थोडी रक्कम भरलीत आणि तुमच्या सहीनिशी त्याचा पुरावा राहिला, तरी तेच. बँका ठरावीक काळाने कर्ज कबुलीपत्रावर सही घेतात ती याचसाठी. मुदत संपून गेली असली आणि तुम्ही 'फेडीन' असं लेखी वचन सहीनिशी दिलंत, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तेही तुम्हाला बांधील धरतं.

म्हणून दारात आलेला माणूस "काका, पाचशे तरी भरा, वरती दाखवायला होतं, इथे सही करा" म्हणाला, तर ते पाचशे रुपये फार महाग पडू शकतात. कर्ज फेडायचंच नाही असं मी सांगत नाहीये. फेडायचं तर पूर्ण हिशेब समोर ठेवून, ठरवून फेडा. दारात उभ्या उभ्या, लाजेपोटी फेडू नका.

बँकेने मुदतीत दावा लावून हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा कोर्टाचा निकाल, मिळवला असेल तर त्याची बजावणी १२ वर्षांपर्यंत होऊ शकते. "बरीच वर्षं कोणी आलं नाही" याचा अर्थ "आता कोणी येणार नाही" असा होत नाही. शंका असेल तर तालुका आणि जिल्हा न्यायालयात तुमच्या नावाचा दावा आहे का ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं.

सात वर्षांनी सिबिलमधून नाव आपोआप निघतं ना?

यावर विसंबू नका. कंपन्यांनी नोंदी *किमान* ७ वर्षं ठेवायच्या, असा नियम आहे. सातव्या वर्षी पुसायच्याच, असा नाही.

बँकेने कर्ज 'राइट ऑफ' केलंय. म्हणजे सुटलो?

नाही. बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढली, एवढंच. वसुलीचा हक्क बँकेने सोडलेला नसतो. माफी वेगळी, राइट ऑफ वेगळं. पेपरातल्या बातमीत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे हा घोळ होतो.

फोन आला, "निम्म्यात मिटवून टाका, आजच भरा." मिटवू का?

निम्म्यात मिटवणं वाईट नाही. घरात आजारपण झालं, धंदा बसला, पूर्ण फेडणं खरोखर शक्य नाही, तर एकरकमी तडजोड हा सरळ मार्ग आहे. पण आम्ही टेबलावर एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलतो: आधी कागद, मग पैसे.

कागद म्हणजे बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र. त्यात कर्ज खात्याचा क्रमांक, तडजोडीची रक्कम, भरायची शेवटची तारीख, आणि ही रक्कम भरल्यावर काही देणं उरणार नाही हे स्पष्ट वाक्य हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज म्हणजे कागद नव्हे. पत्र आलं की बँकेच्या शाखेत किंवा अधिकृत क्रमांकावर फोन करून ते खरं आहे का ते विचारा. पैसे भरायचे ते कर्जखात्यातच, कोणाच्या खासगी यूपीआयवर नाही, आणि रोख तर मुळीच नाही.

तडजोडीची किंमतही आधी समजून घ्या. रिपोर्टमध्ये खातं 'बंद' नाही, 'सेटल्ड' असं दिसतं, आणि पुढचा कर्ज देणारा त्याचा अर्थ 'यांनी पूर्ण फेडलं नव्हतं' असा घेतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक किमान १२ महिने नवं कर्ज देत नाही. शेतीकर्जाला ही बारा महिन्यांची अट नाही. पुढे ऐपत आली तर सोडून दिलेली रक्कम भरून, थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन नोंद 'बंद' करून द्यायला बँकेला सांगता येतं. बऱ्याच बँका तयार होतात.

माझं स्वतःचं मत सांगतो. रक्कम लहान असेल, पाच-दहा हजारांपर्यंत, तर तडजोड करूच नका, उधार-उसनवार न करता दोन महिने थांबून पूर्ण भरा. शिवणकामवाल्या ताईंना कंपनीने ७०० रुपयांत मिटवायची तयारी दाखवली होती. आम्ही म्हटलं, दंड धरून जे होईल ते पूर्ण भरा. ५०० रुपयांसाठी 'सेटल्ड' हा शब्द कशाला घ्यायचा?

लोकअदालतीची नोटीस आली असेल तर आवर्जून जा. कोर्ट फी नाही, बँकेचा अधिकारी समोर बसलेला असतो, आणि तिथे झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं वजन असतं. त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी हप्त्यांच्या तारखा आपल्याला झेपतील अशाच ठरवून घ्या.

वसुलीवाले शेजाऱ्यांना फोन करतात, "पोलीस आणतो, आत टाकतो" म्हणतात. खरंच तुरुंग होतो का?

नुसतं कर्ज थकलं म्हणून तुरुंग होत नाही. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, कारण फोन तेच उचलतात.

अपवाद माहीत हवा. तुम्ही दिलेला चेक वटला नाही, तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, शिक्षा २ वर्षांपर्यंत. खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता परत गेला तर २००७ च्या पेमेंट कायद्यातही तशीच तरतूद आहे. चेक परत गेल्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही. म्हणून नोटिशीचं पाकीट फळीवर ठेवायचं नाही. पंधरा दिवस त्या पाकिटातच संपतात.

वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ-धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही. एजन्सीच्या वागण्याला बँक जबाबदार असते. फोनची तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार फुकट असते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

रिपोर्टमध्ये माझं नसलेलं कर्ज दिसतंय. किंवा फेडलेलं कर्ज अजून थकीत दाखवतात. काय करू?

ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, आणि त्याच दिवशी बँकेलाही लिहा. सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही, बँकेने दुरुस्ती पाठवली तरच बदलतो. दोघांनी मिळून ३० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते, नाही काढली तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. माणसं ही भरपाई मागतच नाहीत. मागा.

नावसाधर्म्याचा घोळ आपल्याकडे फार. एकाच गावात तेच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच आडनाव असलेले तिघं सापडतात. तक्रारीबरोबर पॅनकार्डाची प्रत आणि जन्मतारखेचा पुरावा जोडा.

न मागता आलेलं, कधी चालू न केलेलं क्रेडिट कार्ड आणि त्याच्या वार्षिक फीची थकबाकी, हीही नेहमीची तक्रार. चालू न केलेल्या कार्डाची नोंद सिबिलला पाठवायचीच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीत तसं स्पष्ट लिहा.

वडील वारले. त्यांचं कर्ज मला फेडावं लागेल का?

वडिलांकडून तुम्हाला जेवढी मिळकत मिळाली, तेवढ्यापुरतंच. काहीच मिळालं नसेल तर तुमच्या पगारातून, तुमच्या स्वतःच्या घरातून वसुली करता येत नाही. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी, मग ते तुमचंही कर्ज आहे. शैक्षणिक आणि गृहकर्जात अशा सह्या असतात, म्हणून मूळ कागद पाहिल्याशिवाय हो किंवा नाही काहीच बोलू नका.

पूर्वी हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य धरून वसुली करता येत असे. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली, त्यानंतरच्या कर्जाला तो आधार राहिलेला नाही.

पण हा प्रश्न नुसता कायद्याचा नाही, हे मला घरातच कळलं. माझे वडील गेले आणि वर्षाने एका पतसंस्थेचं पत्र आलं. वडिलांनी एका मित्राला जामीन राहून सही दिली होती, आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. आईने पत्र ऐकलं, आत गेली आणि पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, "त्यांच्या नावावर देणं राहायला नको." मी बँकेत तीस वर्षं काढली होती, कलमं तोंडपाठ होती, आणि तिला ती सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. शेवटी त्या मित्राच्या मुलाला घेऊन पतसंस्थेत गेलो. त्याचं किराणा दुकान चालू होतं, त्याने हप्ते बांधून घेतले. वडिलांच्या नावावरच्या ठेवीतून आम्ही काही भाग भरला आणि जामीनकीतून मोकळं केल्याचं पत्र घेतलं. पाटल्या आईच्या हातात आहेत.

तुम्हालाही वडिलांचं नाव मोकळं करावंसं वाटत असेल तर जरूर करा. पण पत्र आल्याच्या पहिल्या आठवड्यात नको. दुःखात माणूस कशावरही सही करतो, आणि तुमच्या सहीने त्यांचं कर्ज तुमचं होऊ शकतं. कर्जाला विमा जोडलेला होता का, हेही विचारा. हप्त्यातून त्याचे पैसे कापले जात होते आणि घरच्यांना पत्ता नाही, असं अनेकदा निघतं.

मी फक्त जामीन होतो. माझ्या मागे का लागलेत?

कारण कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं म्हणता येत नाही. बँकेच्या कर्जाला जामीन असाल तर ती नोंद तुमच्या रिपोर्टमध्येही असते.

पतसंस्थांची वाट थोडी वेगळी. त्या रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे त्यांचं कर्ज सहसा सिबिलमध्ये दिसत नाही. म्हणून गाफील राहू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली त्यांना निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, आणि त्यावर वसुली अधिकारी थेट जप्ती करू शकतो. दिवाणी दाव्यासारखी वर्षानुवर्षं जात नाहीत. कलम १०१ ची नोटीस आली की सुनावणीला हजर राहा, खातेउतारा मागा, भरलेल्या पावत्या दाखवा. गैरहजर राहिलात तर पतसंस्थेने मांडलेला आकडाच दाखल्यावर येतो.

पीककर्ज माफ झालं होतं. तरी बँक थकबाकीदार म्हणते.

२०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंतची होती, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना दोन लाखांपर्यंतची. दीड लाखावर थकबाकी असलेल्या कित्येकांनी पहिल्या योजनेत वरची रक्कम भरलीच नाही, त्यामुळे त्यांना लाभ मिळाला नाही, पण 'माफी झाली' असंच मनात राहिलं. बँकेतून किंवा सोसायटीतून खातेउतारा काढा. शासनाचे पैसे जमा झालेली ओळ आणि त्यानंतरची शिल्लक पाहा. शिल्लक शून्य असेल तर बेबाकी दाखला, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, घ्या, आणि तो दाखवून सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करून घ्या. बोजा आपोआप उतरत नाही.

नवं-जुनं करण्याबद्दल, म्हणजे जुनं पीककर्ज भरून लगेच नवं उचलण्याबद्दल, एक सांगायचंय. ३१ मार्चच्या आत भरलं की तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याजाचा लाभ मिळतो, तो सोडू नये हे बरोबर. पण भरण्यासाठी चार दिवसांचे पैसे बाहेरून टक्क्याने उचलायचे आणि एप्रिलमध्ये नवं कर्ज मिळालं की परत करायचे, यात नवं कर्ज महिनाभर लांबलं तर वाचवलेलं व्याज सगळं तिकडे जातं. मार्चऐवजी सोयाबीन-कापूस विकल्याच्या दिवशीच काही भाग कर्जखात्यात टाकलेला बरा.

सावकाराचे पैसे आहेत. मुद्दलाच्या दुप्पट देऊन झालेत.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्या जुन्या दामदुपटीचाच हा नियम. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे होते. जमीन सावकाराने खरेदीखत करून घेतली असेल तरीही जा, गेल्या १५ वर्षांतले असे व्यवहार तपासून जमीन परत द्यायचा अधिकार त्यांना आहे. बँकेला मात्र हा दामदुपटीचा नियम लागू होत नाही.

मी आयुष्यात एक रुपया कर्ज घेतलं नाही. तरी बँक म्हणते, "सिबिल नाही." हा काय न्याय?

तुमचा राग समजतो. आपल्या घरांत कर्ज नसणं हीच अब्रू होती. पण बँकेच्या यंत्रणेला तुमच्याबद्दल काहीच दिसत नाही: बचत खात्यातली शिल्लक, वेळेवर भरलेलं लाइटबिल, यूपीआयचे व्यवहार यांनी स्कोअर बनत नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. इतिहासच नसेल तर तिथे 'एनएच' किंवा उणे एक असं येतं. उणे एक पाहून घाबरू नका, ती कोरी पाटी आहे.

केवळ इतिहास नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशात आहे. शाखेत नाही म्हणाले तर नकाराचं कारण लेखी मागा. कारण लिहायची वेळ आली की पुष्कळदा अर्ज पुन्हा तपासला जातो.

मग पहिली नोंद तयार कशी करायची?

मला सगळ्यांत सुरक्षित वाटतो तो एफडीवरच्या क्रेडिट कार्डाचा मार्ग. ज्या बँकेत खातं आहे तिथे १५-२० हजारांची मुदतठेव करा आणि तिच्या तारणावर कार्ड मागा. ठेवीवर व्याज चालू राहतं, कार्डाची मर्यादा ठेवीच्या आत असते, उत्पन्नाचा दाखला सहसा मागत नाहीत. मर्यादा १५ हजार असेल तर महिन्याला ४ हजारांच्या वर वापरू नका: किराणा, पेट्रोल, जे तसंही घेणारच होतात ते. बिल आलं की पूर्ण भरा. बिलावर 'किमान देय' म्हणून एक लहान आकडा असतो, ४ हजारांच्या बिलावर दोनशे वगैरे. तो भरून बाकी पुढे ढकलली की उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या आसपास. कार्डाने बुडालेली जी माणसं आमच्याकडे येतात, त्यांतली बहुतेक त्या लहान आकड्यापासून सुरू झालेली असतात.

फेरीवाले, भाजीवाले यांच्यासाठी पीएम स्वनिधी आहे. पहिला टप्पा आता १५ हजारांचा, वेळेवर फेडला तर २५ आणि मग ५० हजार, तारण नाही. अर्ज नगरपालिकेत चालतो. सोनेतारणाचीही नोंद रिपोर्टमध्ये जाते, पण केवळ स्कोअरसाठी दागिने ठेवू नका.

सहा-आठ महिने सलग वेळेवर भरलं की स्कोअर उमटायला लागतो. या काळात चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस अडचणीत आहे.

घरातल्या बाईच्या नावावर वेगळा इतिहास असायला हवा का?

हो, नक्की. नवरा गेल्यावर किंवा वेगळं राहायची वेळ आल्यावर पन्नाशीतल्या बाईला पहिल्यांदा कळतं, की घर आपल्या कष्टाने उभं राहिलं आणि बँकेच्या लेखी आपण नाहीच. बचत गटातून घेतलेलं कर्ज वेळेवर फेडत असाल तर ते रिपोर्टमध्ये तुमच्या नावावर दिसतंय का तपासा. दिसत नसेल तर एफडीवरचं छोटं कार्ड स्वतःच्या नावाने घ्या. आणि उलट काळजीही घ्या: घरच्यांसाठी, गटातल्या मैत्रिणीसाठी आपल्या आधार-पॅनवर कर्ज उचलून देऊ नका. हप्ता तिने चुकवला तरी चौकट तुमच्या नावाखाली भरते.

"पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो," असं एक एजंट म्हणतो.

देऊ नका. तो करतो ती तक्रार तुम्ही फुकट करू शकता, आणि खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. त्याला ओटीपी तर अजिबात देऊ नका.

सगळं फेडलं. आता काय काय मागून घ्यायचं?

थकबाकी नसल्याचा दाखला, खातं बंद झाल्याचा उतारा आणि सुरुवातीला दिलेले कोरे चेक. घराचं कर्ज असेल तर मूळ दस्त पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मिळायला हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. गाडी असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा. दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढून 'बंद' लिहिलंय का ते पाहा, तोवर निश्चिंत होऊ नका.

शिवणकामवाल्या ताईंचा रिपोर्ट आम्ही पाचव्या आठवड्यात पुन्हा उघडला. शिल्लक शून्य, स्थिती बंद. जुन्या उशिराच्या चौकटी तशाच आहेत, त्या राहतील. मशिनचं कर्ज दुसऱ्या एका बँकेने आठ महिन्यांनी दिलं. थकबाकी नसल्याचा दाखला त्यांनी लॅमिनेट करून दुकानात मोजपट्टीच्या खिळ्यालाच अडकवलाय.